बाईसाहेबांची गळती

२ मार्च

मामा,

नमस्कार घ्या आणि चष्मा लावा, पत्र लांबलचक आहे. फोनचा उपयोग नाही हे मागच्या वेळी कळलंच. मी इकडून "तेल गळतंय, तेल!" म्हणून घसा फोडत होते आणि तुम्ही तिकडून "हो हो, जेवलो" म्हणत होतात. वहिनीची हसून हसून मुरकुंडी वळली. ऐकू येत नाही तर येत नाही, वाचता तर येतं ना? म्हणून हे पत्र.

विषय बाईसाहेबांचा. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात तेव्हा तुमची मोटारसायकल माझ्या हवाली केलीत आणि म्हणालात, "ठकू, चालव, नाहीतर निदान पुसत तरी जा." सात महिने मी नुसती पुसली. आता मला ती चालवायची आहे. का ते सांगते.

सोळा वर्षं मी त्याच लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घासतेय. आता डॉक्टरीणबाईंनी नवं काम देऊ केलंय. सहा दवाखान्यांत स्वतः जायचं, मापं घ्यायची, कवळी तोंडात बसते का ते तिथेच बघायचं. एक एप्रिलपासून. अट एकच, स्वतःचं वाहन पाहिजे. मी विचार न करता "आहे" म्हणून मोकळी झाले.

तुम्हाला माझे दिवस माहीत आहेत. एकेचाळीस वर्षांची घोडी झाले तरी सकाळी दादा मला स्कूटरवरून लॅबच्या दारात सोडतो आणि सहाला घ्यायला येतो. पाच मिनिटं उशीर झाला की फाटकाशी हॉर्न. प्रेमानेच करतो, मी नाही म्हणत नाही. पण या घराच्या फाटकातून मी शेवटची एकटी कधी बाहेर पडले ते मला खरंच आठवत नाही, मामा. गुदमरायला होतं.

आणि बाईसाहेब गळतायत. दादाने व्हरांड्यात नवी फरशी घातलीय, तिच्यावर ताटाएवढा काळा डाग. काल त्याने सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत गळणं थांबलं नाही तर एकतीस तारखेला भंगारवाला येईल. दादा असली गोष्ट दोनदा सांगत नाही.

डाव्या बाजूला, चेन जिथून सुरू होते ते दातेरी चाक आहे ना, पुढचं स्प्रॉकेट, त्याच्या झाकणाखालून तेल येतं. इथल्या दोन मेकॅनिकांना दाखवलं. एक म्हणाला जुनी गाडी आहे, गळणारच. दुसरा म्हणाला गळायची थांबली तर समजा तेल संपलं. दोघंही चहा पिऊन गेले.

आता तुम्ही सांगाल तसं मी करीन. हात बरे आहेत माझे, तुम्हीच म्हणायचात.

तुमची,
ठकू

---

५ मार्च

ठकूबाईंना आशीर्वाद, आणि पाना धरणाऱ्या उजव्या हाताला एक जादा.

पत्र आलं. तीनदा वाचलं. इथला पोस्टमन देवमाणूस आहे. लिफ्ट नसताना चार मजले चढून येतो, दाराखालून पत्र आत सरकवतो आणि मी तिकीट लावून ठेवलेलं पत्र तिथूनच ओढून घेऊन जातो. त्यामुळे उत्तराला उशीर होणार नाही.

मी मजेत आहे. सूनबाई वेळेवर करून वाढते. साहेब, म्हणजे आमचे चिरंजीव, ऑफिसला जायच्या आधी माझ्या गोळ्या मोजून ठेवतात. रोज सकाळी खाली बागेत जातो. तिथे आमच्या वयाचे तिघं भेटतात. एकाचं टक्कल असं लखलखतं की डोळ्यावर येतं, दुसऱ्याची करडी लोकरी टोपी, तिसऱ्याचा भांग पट्टीने काढल्यासारखा मधोमध. मस्त मैफल जमते.

आता कामाचं. त्या दोन गाढवांना पुन्हा चहा पाजू नकोस. गाडी म्हातारी झाली म्हणून गळत नाही, काहीतरी झिजलेलं असतं म्हणून गळते. पण तेल जिथे दिसतं तिथूनच निघतं असं नसतं. तेल उतार बघून पळतं. म्हणून आधी अंघोळ घाल. झाकण काढ, रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन सगळं स्वच्छ कर, चिंधीने कोरडं कर. मग स्प्रॉकेटच्या मागेपुढे अंगाला लावायची पावडर भुरभुर आणि इंजिन चालू कर. पावडर पहिल्यांदा कुठे ओली होते ते बघ. तो खरा चोर.

बहुतेक मधल्या दांड्याभोवतीचं ऑइल सील गेलं असेल. हे रबराचं कडं, तेलाला आत थोपवून धरतं. ते बदलायला स्प्रॉकेटचं मोठं नट काढावं लागेल. त्याखालच्या वायसरची, म्हणजे पत्र्याच्या चकतीची, एक कड दुमडलेली आहे, ती आधी छिन्नीने सरळ कर. चेन जागेवर असतानाच मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांग, नाहीतर चाक पान्याबरोबर फिरत बसेल. आणि लक्षात ठेव, नट उलट्या आट्यांचं आहे. सगळं जग ज्या बाजूला सोडवतं त्या बाजूला बाईसाहेब आवळल्या जातात. तुझी मामी म्हणायची, गाडी मालकावर गेलीय.

नव्या सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला ठेव. सविस्तर कळव.

मामा

---

९ मार्च

मामा,

झालं सगळं, आणि झालं काहीच नाही. क्रमाने ऐका.

पावडर टाकली. वहिनीची चांगली वासाची होती, बोलणी खाल्ली. दांड्याभोवतीच पहिल्यांदा ओली झाली. म्हणजे तुमचं बरोबर, तोंडात साखर पडो. मग ब्रेक दाबायला कोणाला बसवू? दादाला विचारायची सोय नाही. शेवटी वहिनी बसली, एका हातात भाजी निवडायची परात आणि पाय ब्रेकवर. मी अर्धा तास नट आवळतच होते, मामा. उलटे आटे हे डोक्यात होतं, हातात नव्हतं. वहिनी म्हणाली, "तुमचे मामा म्हणाले होते ना उलटं, मग उलटं करा की!" तेव्हा सुटलं.

नवं सील बसवलं, ओठ आत. सगळं परत लावलं. रविवारी दादा घरी नव्हता तेव्हा मैदानावर नेऊन चार फेऱ्या मारल्या. एकोणीस वर्षांची असताना तुम्ही जिथे शिकवलीत तिथेच. चालली! मी मोठ्याने ओरडले, कोणी नव्हतं म्हणून.

घरी आणून लावली, खाली वर्तमानपत्र घातलं. दहा मिनिटांत टप. टप. टप.

एक गंमत सांगते. गाडी गार असते तेव्हा एक थेंब पडत नाही. तापून आली की सुरू. आणि आत तेल किती उरलं बघावं म्हणून गिअरबॉक्सचं वरचं झाकण सैल केलं तर फुस्स करून वारा सुटला. मी दचकून मागेच सरले. असं होतं का?

बावीस दिवस राहिलेत. लवकर लिहा.

ठकू

---

१२ मार्च

ठकूबाई,

वहिनीला माझा नमस्कार सांग. परात घेऊन ब्रेक दाबणारा मदतनीस माझ्या चाळीस वर्षांच्या गॅरेजात मला मिळाला नाही.

सील नवीन घातलंस तरी गळतंय, तर मग कॉलर बघ. दांड्यावर एक पोलादी बांगडी आहे, तिला आम्ही कॉलर म्हणतो. सीलचा ओठ तिच्यावर घासत असतो. वर्षानुवर्षं घासून तिच्यावर खाच पडते आणि मग सील कितीही नवं असो, तेल त्या खाचेतून वाट काढतं. कॉलर काढ, नखाने चाचपून बघ. नख अडकलं तर खाच आहे. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हळूहळू घास. आरशासारखी झाली पाहिजे. घाई करू नकोस. दोनतीन संध्याकाळी लागल्या तरी लागू देत. कसं कसं केलंस ते नीट लिही, मला इथे बसून डोळ्यांसमोर आणायला बरं पडतं.

इकडे ठीक. काल पाऊस भुरभुरला तर मधल्या भांगवाल्याने छत्री आणली होती, तिची एक काडी मोडलेली. टकलू मात्र तसाच भिजत बसला. आम्ही खूप हसलो.

पत्र मोठं लिही. मागचं फार आखूड होतं.

मामा

---

१७ मार्च

मामा,

आखूड म्हणे! चार पानं होती.

कॉलरवर खाच होती. नख अडकलं. पण पॉलिश पेपरने मी घासत बसले नाही, लॅबमध्ये नेली. आमच्याकडे कवळ्यांना चकाकी द्यायची मोटर आहे, तिच्यावर फेल्टचं चाक आणि दगडाची बारीक पूड. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "हा कोणाचा दात?" मी म्हटलं, "एका बाईसाहेबांचा, वय पंचेचाळीस." वीस मिनिटांत अशी झाली की मी तिच्यात माझं कपाळ बघितलं.

खाच गेली. दुसरं नवं सील घातलं. मैदानावर तीन फेऱ्या. घरी आणली. टप. टप.

रडायलाच आलं, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात दादा आला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे वर्तमानपत्र उचललं, डाग बघितला, घडी करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "कशाला हातपाय काळे करतेस? मी आहे ना सोडायला." मामा, त्या "मी आहे ना" पुढे काय बोलायचं ते मला एकेचाळीस वर्षांत सापडलेलं नाही.

तुमची मजा आहे. सकाळी उठावं, जिने उतरावे, बागेत जाऊन मित्रांबरोबर हसावं. कोणी विचारत नाही कुठे निघालात म्हणून. हेवा वाटतो. जीव जळतो म्हणा हवं तर.

फुस्स झालं त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. आताही झालं. झाकण सैल करताना बोटाला वारा लागला, गरम.

चौदा दिवस.

ठकू

---

२० मार्च

ठकूबाई,

फुस्सबिस्सकडे लक्ष देऊ नकोस. जुन्या गाड्या सुस्कारे टाकतात, माझ्यासारख्या.

आता असं कर. स्प्रॉकेट ज्या खाचांवर बसतं त्या खाचांमधूनही तेल झिरपतं. नट काढून त्या खाचांना सीलिंग पेस्ट लाव, नटाच्या मागेही लाव. मग तीन दिवस हात लावू नकोस, पेस्ट नीट वाळू दे. तीन दिवसांत एक काम कर. स्प्रॉकेटची बाजू कागदावर काढून पाठव, कुठे काय लावलंस त्याच्या खुणा कर. आणि घरचं लिही, लॅबचं लिही. कोणाचे दात आले, कोणाचे गेले. मला सगळं चालतं.

काल आमच्याकडे समोर ट्रक उलटा घेताना फळवाल्याच्या गाडीला लागला. संत्री रस्ताभर. वरून बघताना नाणी सांडल्यासारखी दिसत होती. करड्या टोपीवाल्याने चार उचलली, मी बघितलं.

माझा हेवा करू नकोस.

मामा

---

२५ मार्च

मामा,

चित्र काढलेलं नाही. पेस्ट लावली. तीन दिवस थांबले. तीन दिवस, मामा, दहामधले! काल चालवली. गळते.

आज संध्याकाळी भंगारवाला गाडी बघून गेला. व्हरांड्यात उभं राहून त्याने बाईसाहेबांच्या सीटवर हात आपटला, म्हशीच्या पाठीवर आपटतात तसा. एकतीसला दुपारी हातगाडी घेऊन येतो म्हणाला. दादाने मला सांगितलं सुद्धा नाही, मी लॅबमधून आले तेव्हा तो माणूस तिथे उभाच होता.

मी तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसले आहे. मला तुमचा राग आलाय, तर तोंडावर सांगते. तुम्ही डोळे मिटून नुसत्या हाताने चाचपून इंजिनातला बिघाड सांगायचात. पाच वर्षांची होते तेव्हापासून बघत आलेय. आणि माझ्या वेळेला तुम्ही मला एकेक भाग देताय, एक झाला की दुसरा, जसं काही आपल्याकडे वर्ष पडलंय. दोनदा विचारलं फुस्स का होतं. एकदा गप्प बसलात, एकदा थट्टा केलीत.

आणि दुसरं. तुमच्या मित्रांना नुसती डोकी आहेत. टक्कल, टोपी, भांग, छत्रीची मोडलेली काडी. महिनाभरात एकाचंही नाक कसं, दात आहेत का कवळी, काही नाही. मी दातांचं काम करते, तुम्ही मला दात लिहिल्याशिवाय राहिला नसतात. संत्री वरून बघितलीत म्हणता. मामा, तुम्ही खाली जाता ना?

खरं काय ते लिहा. नसेल लिहायचं तर राहू द्या, मी पण लिहिणार नाही.

ठकू

---

२७ मार्च

ठकू,

तुझं पत्र सकाळी आलं. हे लगेच देतोय, पोस्टमन दुपारच्या फेरीला पुन्हा येतो.

आधी गाडीचं, कारण तुझ्याकडे वेळ नाही आणि तो मी खाल्ला आहे.

गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, मागच्या बाजूला, करंगळीच्या टोकाएवढा उंचवटा आहे. काळा रंग दिला आहे म्हणून दिसत नाही. तो रंग खरवड. आत एक भोक आहे आणि त्या भोकात बूच आहे. ते काढ. बस, एवढंच. तापल्यावर आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला ते भोक असतं. भोक बंद असलं की हवा तेलाला ढकलते आणि तेल जिथे दार कच्चं असेल तिथून बाहेर येतं, म्हणजे सीलमधून. तू दहा सीलं बदलली असतीस तरी दहाही गळली असती. तू "फुस्स" लिहिलंस त्याच क्षणी मला कळलं होतं. ९ तारखेच्या पत्रात.

बूच मीच घातलं. तुझी मामी नर्स होती, पांढरा गणवेश घालून रोज माझ्या मागे बसून हॉस्पिटलात जायची. त्या भोकातून तेलाचा फवारा उडायचा आणि तिच्या पांढऱ्या गणवेशावर बारीक काळे ठिपके पडायचे. मोठ्या सिस्टरने तिला दोनदा सगळ्यांसमोर बोलून घेतलं. मग तिनेच इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच आणून दिलं, मी ते कापून ठोकलं आणि वरून रंग मारला. तेल तिच्या अंगावर उडण्याऐवजी चेनवर पडायला लागलं. पडेना का, दर सहा महिन्यांनी मी सील बदलायचो. कोणत्याही शहाण्या मेकॅनिकने असं केलं नसतं. मी सव्वीस वर्षं केलं. ती गेल्यावरही काढलं नाही. हात झाला नाही.

आता दुसरं. मी खाली जात नाही. जानेवारीपासून दार बाहेरून बंद असतं.

साहेबाची चूक नाही. जानेवारीत मी तीन गल्ल्या सोडून एका गॅरेजात जाऊन बसायचो. एक दिवस येताना ट्रक मागे येत होता, हॉर्न वाजवत असणार, मला काय कळणार? एका बाईने कॉलरला धरून ओढलं म्हणून वाचलो. त्या संध्याकाळी साहेब माझ्यापुढे बसून लहान पोरासारखा रडला. मग त्याने दाराला बाहेरून कडी बसवली. नऊ ते सहा कुलूप. "बाबा, मी आहे ना, संध्याकाळी नेईन खाली," म्हणतो. संध्याकाळी दमलेला असतो बिचारा. तुझ्या दादाचं "मी आहे ना" वाचलं तेव्हा मी पत्र खाली ठेवलं.

घरात एक पाना नाही, पक्कड नाही. मी मिक्सर उघडून बसलो होतो, तेव्हापासून सगळं ऑफिसात नेऊन ठेवलंय. कडीचे चार बोल्ट दारातून आरपार आहेत. गोल डोकी बाहेर, नट आत, माझ्याकडे. चोर बाहेरून येतो या हिशोबाने सुताराने बसवलेत. रोज सकाळी खुर्ची टाकून त्या चार नटांसमोर बसतो. चमच्याने प्रयत्न केला. चमचा वाकला, सूनबाईला कळू नये म्हणून परत सरळ केला.

दिवसातून एक गोष्ट आत येते, ती दाराखालून. तुझं पत्र. मला वाटलं, लगेच सांगितलं तर गाडी दुरुस्त होईल आणि पत्रं संपतील. अजून एक पत्र, मग सांगू, असं करत करत तुझे अठरा दिवस घालवले. तू तिकडे कोंडलेली आहेस हे वाचत होतो आणि तरी घालवले. याला काय म्हणायचं ते तू म्हण. मला लाज वाटते.

बूच दगडासारखं कडक झालं असेल. ओढू नकोस, तुटेल. तुझ्या दातांच्या सुईने कडेने मोकळं कर.

मामा

---

३१ मार्च, सकाळचे साडेदहा
तुमच्या दाराबाहेर, जिन्याची वरची पायरी

मामा,

दचकू नका, ही चिठ्ठी पोस्टमनची नाही. मी स्वतः सरकवतेय. बेल तीनदा वाजवली, मग आठवलं कोणासाठी वाजवतेय. दारावर थापाही मारल्या. शेजारची बाई बाहेर येऊन बघून गेली.

एकोणतीसला पत्र मिळालं. वाचून मी एवढी चिडले की दोन तास बाईसाहेबांना हात लावला नाही. अठरा दिवस, मामा! मग त्या वाकलेल्या चमच्याशी येऊन थांबले आणि पुढे चिडताच येईना. मी तुमचा हेवा करत होते. जीव जळतो असं लिहिलं मी तुम्हाला. माफ करा.

बूच निघालं. सुईने कडेकडेने, अख्खं. त्याच संध्याकाळी मैदानावर दहा फेऱ्या मारल्या, वर्तमानपत्र घातलं, दादाला मुद्दाम शेजारी बसवलं. दहा मिनिटं, वीस, तासभर. एक थेंब नाही. दादाने वाकून फरशीला बोट लावलं, बोट बघितलं आणि आत गेला. भंगारवाल्याला मात्र येऊ नको म्हणून त्याने सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, बघू एकतीसपर्यंत.

म्हणून आज मीच सकाळी सातला गाडी बाहेर काढली. दादा दात घासत फाटकाशी उभा. "कुठे?" म्हणाला. म्हटलं, "मामाकडे." "कोण सोडतंय?" म्हटलं, "मी." ब्रश तोंडात तसाच. फाटक त्यानेच उघडलं, मामा. का ते मला माहीत नाही. मी विचारायला थांबले नाही.

नव्वद किलोमीटर आले. खाली लावलीय, बागेजवळ. स्प्रॉकेटच्या खाली पांढरा कागद ठेवून आलेय. टकलू, टोपीवाले आणि भांगवाले तिथे बसलेत, त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. टोपीवाल्यांना कवळी आहे, खालची सैल बसते. भांगवाल्यांचे अजून स्वतःचे आहेत.

आता कडीचं. कुलूप मोठं आहे, ते माझ्याने व्हायचं नाही. बोल्टची डोकी गुळगुळीत गोल आहेत, पाना धरत नाही. तुम्ही म्हणालात तसं, काम तुमच्या बाजूला आहे. नट किती नंबरचे? सीटखालची हत्यारांची पिशवी घेऊनच वर आलेय.

चिठ्ठीबरोबर कागदाच्या पुडीत मामींचं बूच आहे. तुमचं आहे, ठेवा.

ठकू

---

(त्याच चिठ्ठीच्या मागे)

थांब, चष्मा सापडत नव्हता. होता डोक्यावर.

दहा नंबर. पण जाड पाना दाराखालून येणार नाही. सीटखालच्या पिशवीत पत्र्याचा चपटा पाना आहे, एका टोकाला दहा, दुसऱ्याला बारा. तो. मी त्याला कायम नावं ठेवायचो.

माझी बोटं पूर्वीची नाहीत, वेळ लागेल. वरचे दोन आधी काढतो. आटे सरळ आहेत, सुताराने निदान एवढं नीट केलंय.

टेबलावर साहेबाला लिहून ठेवलं. "भाचीबरोबर गेलोय. पळून गेलेलो नाही, फिरायला गेलोय. सहाच्या आत येतो. कडी परत लावायची तर लावू, पण नट कुठल्या बाजूला राहतील ते मी ठरवणार." बरं लिहिलंय का? त्याला फार लागायला नको. रडतो तो.

बूच मिळालं. अजून तिच्या हॉस्पिटलचा वास येईल असं वाटलं होतं. नुसतं तेल येतंय.

तुला उन्हात उभं राहावं लागत नाही ना? जिन्यात थंड असेल. पाण्याची बाटली आहे का? हे लिहून पाठव, मग पाना पाठव. नाहीतर आधी पाना आणि मग लिही. गाडीने वाटेत कुठे झटके दिले का तेही

---

(वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर)

चिठ्ठी अर्धीच ओढून घेतली. पाना सरकवला. तुमच्या उजव्या पायापाशी असेल.

भोक आता उघडं आहे, मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर तेल उडणार. जुनी विजार घाला.

आता पत्र पुरे, मामा. या.